फुकट आहे, पण बेवारस नाही

जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या म्युनिकच्या कोर्टात एक दावा दाखल झाला. दावा करणारे होते बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम जगाला फुकट वाटणारे लोक. ज्यांच्यावर दावा केला ती होती बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर विकणारी जगातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. तक्रार थोडक्यात अशी: आम्ही जे फुकट देतो, त्यावर स्वतःचं लेबल लावून तुम्ही ते जवळजवळ १०० युरोला विकताय, आणि मूळ माल कुणाचा हे गिऱ्हाइकाला धड सांगतही नाही.

"अहो, फुकटच वाटत होतात ना? मग आता तक्रार कसली?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात लगेच येईल. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचा धंदा कसा उभा राहिला, इथून सुरुवात करावी लागते. पोस्ट लांब आहे. बुद्धिबळ येत नसेल तरी चालेल, कारण विषय पटापेक्षा मालकीचा जास्त आहे.

१९७६ साल. तोवर बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम होते ते विद्यापीठांत आणि मोठ्या संस्थांत, खोलीभर पसरलेल्या मशीनवर. विकत घ्यायची वस्तू अशी नव्हतीच. त्या वर्षी कॅनडातल्या पीटर जेनिंग्ज नावाच्या माणसाने 'किम-१' नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोचेस नावाचा प्रोग्रॅम लिहिला. या कॉम्प्युटरला स्क्रीन नव्हता. एक छोटा कीपॅड आणि कॅल्क्युलेटरसारखे सहा लाल आकडे, एवढंच. मेमरी साधारण १ किलोबाइट. आज आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीने बघाल तर या पोस्टचा पहिला परिच्छेदसुद्धा तेवढ्या जागेत मावणार नाही. तेवढ्यात या माणसाने बुद्धिबळ बसवलं. पट आणि सोंगट्या आपल्या आपण टेबलावर मांडायच्या, चाल आकड्यांत दाबायची, उत्तरही आकड्यांत यायचं.

जेनिंग्ज ते पोस्टाने विकायचा, १० डॉलरला. गिऱ्हाइकाला मिळायचा प्रोग्रॅमचा छापील कागद. तो बघून एकेक आकडा स्वतः मशीनमध्ये भरायचा. म्हणजे बघा, माल विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संपूर्ण कोड उघडा असायचा. पुढे हा प्रोग्रॅम कॅसेटवर आला आणि भरपूर खपला. जेनिंग्ज आणि त्याचा भागीदार डॅन फिल्स्ट्रा यांच्या पर्सनल सॉफ्टवेअर या कंपनीने त्या कमाईतला पैसा आणखी एका प्रोग्रॅममध्ये घातला. तो म्हणजे १९७९ मध्ये बाजारात आलेला व्हिजिकॅल्क, घरगुती कॉम्प्युटरवरचा पहिला स्प्रेडशीट. आज बँकेत, कारखान्यात, हाउसिंग सोसायटीच्या हिशेबात जे एक्सेल चालतं, त्याच्या आजोबाला भांडवल पुरवलं ते बुद्धिबळाने.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॅन आणि कॅथलीन स्प्रॅक्लेन या नवरा-बायकोने 'सार्गॉन' लिहिला. छोट्या कॉम्प्युटरांच्या स्पर्धेत तो पहिला आला. त्यांनी काय केलं, तर अख्खा प्रोग्रॅम पुस्तकरूपात छापला. कुणीही विकत घ्यावं, वाचावं, शिकावं. घरी बसून बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहू बघणाऱ्या हौशी मंडळींना ते तयार पाठ्यपुस्तकच मिळालं.

इथे एक मिनिट थांबून असा प्रोग्रॅम विचार कसा करतो ते बघू, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग शोधाचा: मी ही चाल केली तर समोरचा काय करेल, त्यावर मी काय, त्यावर तो काय. या फांद्या भराभर वाढतात, म्हणून निरुपयोगी फांद्या लवकर छाटायच्या युक्त्या लागतात. दुसरा भाग मोजमापाचा: फांदीच्या टोकाला पोचल्यावर पटावरची स्थिती कुणाच्या बाजूने आहे, किती, ते आकड्यात सांगायचं. वजीर एवढ्या किमतीचा, घोडा एवढ्या, राजा उघडा पडला असेल तर एवढे गुण वजा. चांगला प्रोग्रॅम म्हणजे या दोन्ही भागांतल्या शेकडो बारीकसारीक निर्णयांची बेरीज. आणि असा एकेक निर्णय सापडायला महिनोन् महिने जातात.

हे लक्षात आलं आणि कोड उघडा ठेवायचे दिवस संपले.

खरं तर बंद डब्याचा धंदा त्याआधीच सुरू झाला होता. फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्स ही शिकागोची कंपनी मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्रं बनवायची. १९७७ मध्ये तिने 'चेस चॅलेंजर' काढला, दुकानात मिळणारा पहिला बुद्धिबळाचा कॉम्प्युटर. घाई इतकी, की पहिल्या मॉडेलच्या पटावर रांगांची अक्षरं आणि आकडे उलटसुलट छापले गेले होते! तरी तो खपला. पुढे स्प्रॅक्लेन दांपत्य याच कंपनीसाठी काम करू लागलं आणि १९८० मध्ये लंडनला झालेली मायक्रोकॉम्प्युटरांची पहिली जागतिक स्पर्धा चेस चॅलेंजरने जिंकली. हाँगकाँगमध्ये नोव्हॅग आणि सायसिस उभ्या राहिल्या. म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लासर कंपनीने मेफिस्टो हा ब्रँड काढला. सुंदर लाकडी पट आणि त्यात खोचायचा प्रोग्रॅमचा तुकडा. नवा प्रोग्रॅम आला की पट तोच ठेवून फक्त तो तुकडा बदलायचा. इंग्लंडच्या रिचर्ड लँगचे प्रोग्रॅम त्यात बसू लागले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक स्पर्धा मेफिस्टोच जिंकत राहिला.

या काळाला नावं ठेवायचं कारण नाही. या कंपन्यांमुळे काही माणसांना बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरता आलं. विद्यापीठाचं अनुदान नाही, सरकारी नोकरी नाही, तरी पूर्ण वेळ हेच काम. खेळाडूंनाही घरी न थकणारा प्रतिस्पर्धी मिळाला. पण प्रत्येक कंपनीचं शहाणपण तिच्या डब्यातल्या चिपमध्ये बंद. एकाने सोडवलेलं कोडं दुसऱ्याला पहिल्यापासून सोडवावं लागायचं. कंपनी बुडाली की त्यातलं बरंचसं शहाणपणही तिच्याबरोबर गेलं.

जाहिरातींची वेगळीच तऱ्हा. आमचं यंत्र इतक्या रेटिंगचं, असे आकडे डब्यावर छापले जायचे आणि गिऱ्हाइकाला ते तपासायचा काही मार्ग नसायचा. तो मार्ग काढला स्वीडनमधल्या हौशी लोकांनी. त्यांच्या संघटनेने बाजारातली यंत्रं एकमेकांशी शेकडो डाव खेळवली आणि १९८४ पासून स्वतःची रेटिंग यादी छापायला सुरुवात केली. संध्याकाळी घरी बसून एका यंत्राची चाल दुसऱ्यावर हाताने दाबायची, असं काम! पण त्या यादीत यंत्र कितवं आहे याची दखल मग कंपन्यांनाही घ्यावी लागली. गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन केलेली तपासणी काय करू शकते, याचं हे छान उदाहरण आहे. पुढच्या गोष्टीचं बीजही इथेच आहे.

डब्यांचा धंदा मारला तो घरोघरी आलेल्या पीसीने. डबा घेतला त्या दिवशी जितका वेगवान, तितकाच दहा वर्षांनी. पीसी मात्र दर दोन-तीन वर्षांनी कितीतरी पुढे जायचा. १९८९ मध्ये फिडेलिटी हेगेनर अँड ग्लासरने घेतली आणि १९९४ मध्ये हेगेनर अँड ग्लासरच सायटेकने, म्हणजे जुन्या सायसिसने, घेतली. मोठा मासा छोट्याला गिळतोय तोवर तळंच आटत चाललं होतं.

आता मैदानात होती हॅम्बर्गची चेसबेस. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मॅथियास व्युलेनवेबर आणि फ्रेडरिक फ्रीडेल यांनी ती सुरू केली, ती खेळलेल्या डावांचा डेटाबेस विकण्यासाठी. कास्पारोव्ह तिच्या पहिल्या चाहत्यांपैकी. १९९१ मध्ये कंपनीने 'फ्रिट्झ' हा खेळणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. मूळ इंजिन नेदरलँड्सच्या फ्रान्स मॉर्शचं. १९९५ मध्ये हाँगकाँगला झालेल्या जागतिक स्पर्धेत साध्या पेंटियमवर चालणाऱ्या फ्रिट्झने आयबीएमच्या डीप ब्लूच्या आधीच्या आवृत्तीला हरवलं आणि विजेतेपद मिळवलं.

त्याआधी १९९४ मध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत रिचर्ड लँगच्या 'चेस जीनियस'ने खुद्द कास्पारोव्हला बाहेर काढलं होतं. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जीनियसला घरी पाठवलं ते आपल्या विश्वनाथन आनंदने!

१९९७ ची डीप ब्लूची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ११ मे रोजी कास्पारोव्ह ३.५-२.५ ने हरला, जगभर मथळे आले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की डीप ब्लू कधी विकला गेला नाही, आणि आयबीएमने त्याला पुन्हा खेळवलंही नाही. सामान्य खेळाडूच्या हातात त्यातलं काहीच आलं नाही. खरा निकाल लागला २००६ मध्ये बॉनला. जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ ने हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात त्याला दिसली नाही. हा प्रोग्रॅम कोणीही दुकानातून आणू शकत होता. त्यानंतर माणूस विरुद्ध मशीन या लढतीत राम उरला नाही. लोक प्रोग्रॅम घेऊ लागले ते आपल्या चुका दाखवणारा मास्तर म्हणून.

आणि नेमकं याच सुमारास कोड पुन्हा उघडा झाला.

फ्रान्सच्या फाबियाँ लेतूझीने 'फ्रूट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. २००५ मध्ये त्याने त्याचा कोड 'जीपीएल' या परवान्याखाली जगासमोर ठेवला. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत फ्रूट दुसरा आला. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम प्रोग्रॅमांपैकी एकाची आतली रचना आता कुणालाही वाचता येत होती. अनेकांनी ती वाचली.

डिसेंबर २००५ मध्ये वासिक राइलिखचा 'रिब्का' आला आणि सगळ्यांना मागे टाकून गेला. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं जागतिक विजेतेपद त्याच्याकडे. रिब्का विकत मिळायचा, कोड बंद. पुढे इतर प्रोग्रॅमरांनी आरोप केला की यात फ्रूटचा आणि 'क्राफ्टी' या दुसऱ्या प्रोग्रॅमचा भाग उचललेला आहे. जून २०११ मध्ये कॉम्प्युटर बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौकशीनंतर रिब्काची चारही विजेतेपदं काढून घेतली आणि राइलिखवर आजन्म बंदी घातली. त्याने आरोप नाकारला. काही जाणकारांनाही निकाल पटला नाही. कल्पना घेणं वेगळं आणि लिहिलेला कोड उचलणं वेगळं, मग रेषा कुठे ओढायची, यावर खूप वाद झाला. २०१५ मध्ये फिडेच्या नीतिमत्ता समितीने या आजन्म बंदीबद्दल संघटनेलाच दोष दिला. म्हणजे तो वाद पूर्ण मिटला असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट उघड झाली: कोड बंद असेल तर आत काय आहे हे शोधायला चौकशी समिती बसवावी लागते.

याला दुसऱ्या टोकाचं उत्तर म्हणजे 'स्टॉकफिश'. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने 'ग्लाउरुंग' नावाचा उघड्या कोडचा प्रोग्रॅम लिहिला होता. इटलीच्या मार्को कोस्ताल्बाने २००८ मध्ये तो घेऊन पुढे वाढवला. स्टॉकफिश म्हणजे सुकवलेला कॉड मासा. तो नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजतो, म्हणून हे नाव! फिनलंडचा योना कीस्कीही लवकरच त्यात आला. पुढे जगभरातून माणसं जोडली गेली.

२०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉटने 'फिशटेस्ट' सुरू केलं. कुणीही कोडमध्ये बदल सुचवावा. तो बदल बरा की वाईट हे पदाने किंवा ओळखीने ठरत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी हजारो डाव खेळतात. नव्याचा फायदा आकड्यांत सिद्ध झाला तरच तो घेतला जातो. हे डाव चालतात लोकांनी देऊ केलेल्या घरच्या कॉम्प्युटरांवर. वीज त्यांची, मशीन त्यांचं. स्वीडनच्या हौशी मंडळींनी हाताने केलं, तेच हे, जगाच्या पातळीवर. काही वर्षांतच हा प्रोग्रॅम विकाऊ इंजिनांच्या पुढे गेला.

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने 'अल्फाझीरो' जाहीर केला. स्वतःशीच खेळून शिकलेल्या या न्यूरल नेटवर्कने स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. तोही डीप ब्लूसारखाच लोकांच्या हातात कधी आला नाही. पण संशोधन प्रसिद्ध झालं होतं, आणि स्वयंसेवकांनी ते वाचून 'लीला' नावाचं तसंच उघडं इंजिन उभं केलं. मग जपानमधून शोगी या तिथल्या बुद्धिबळासाठी यू नासू याने शोधलेलं, साध्या प्रोसेसरवर पळणारं छोटं नेटवर्क स्टॉकफिशमध्ये बसलं. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून ते त्याचा भाग आहे.

आता परत कोर्टाकडे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये चेसबेसने 'फॅट फ्रिट्झ २' बाजारात आणला, किंमत ९९.९० युरो. त्यातलं न्यूरल नेटवर्क वेगळं तयार केलेलं होतं, हे खरं. पण ते ज्या इंजिनावर बसवलं होतं ते स्टॉकफिशच. स्टॉकफिशच्या मंडळींनी कंपनीचा परवाना रद्द केला आणि दावा लावला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जीपीएल परवाना विकायला मनाई करत नाही. स्टॉकफिश घ्या, बदला, शंभर युरोला विका, हजाराला विका, हरकत नाही. अटी तीनच म्हणा: मूळ कुणाचं ते सांगा, तुमच्या बदलांसकट कोड द्या, आणि तुम्हाला जे हक्क मिळाले तेच पुढच्या गिऱ्हाइकालाही द्या. तक्रार पैशांबद्दल नव्हतीच. तक्रार होती या अटी पाळल्या नाहीत याबद्दल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. चेसबेसने एक वर्ष स्टॉकफिशचा कोड असलेलं काहीही विकायचं नाही, परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला कंपनीत एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि आपल्या मालात कुठलं उघडं सॉफ्टवेअर आहे ते वेबसाइटवर जाहीर करायचं. मला या तडजोडीत आवडलं ते हे, की कंपनी बुडवायचा हट्ट कुणी धरला नाही. वर्ष संपल्यावर पुन्हा वापरायची मुभा होती, फक्त अटी पाळून.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी जिंकली, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी ती मोबाइलवर पाहिली. पटाशेजारी एक उभी पट्टी वर-खाली होत होती आणि बुद्धिबळ न येणाऱ्यालाही कळत होतं की आता कुणाचं पारडं जड आहे. अशा पट्ट्यांमागे बहुतेक ठिकाणी स्टॉकफिश किंवा त्याच जातीचं इंजिन असतं. १९९० मध्ये मेफिस्टोचा लाकडी पट आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात नव्हता. आज त्यापेक्षा कितीतरी बलवान मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला वडिलांच्या मोबाइलवर फुकट मिळतो. हे कुठल्या कंपनीच्या दयेने झालेलं नाही आणि सरकारी योजनेनेही नाही. हजारो लोकांनी पदरमोड करून काम केलं, आणि ते काम कुणी एकट्याने कुलपात घालू नये म्हणून त्याला कायद्याचं कुंपण घातलं. नुसता चांगुलपणा असता, तर फॅट फ्रिट्झच्या वेळी हात चोळत बसावं लागलं असतं.

आपल्याकडे मात्र 'फुकट' म्हणजे 'कुणाचंच नाही' असं मानायची सवय आहे. मराठी विकिपीडियावरचा मजकूर कुणीही वापरावा, अट एवढीच की श्रेय द्यावं आणि तो त्याच अटींवर पुढे द्यावा. आपण काय करतो? परिच्छेद उचलतो, खाली स्वतःचं नाव टाकतो आणि व्हॉट्सअॅपवर ढकलतो. कुणी बोललंच तर "इंटरनेटवर पडलं होतं" हे उत्तर तयार. गावच्या विहिरीचं पाणी सगळ्यांना फुकट असतं, म्हणून कुणी तिला कुंपण घालून बाटल्या विकायला बसलं तर गाव गप्प बसेल का? पण मजकूर, फॉन्ट, सॉफ्टवेअर असल्या विहिरींच्या बाबतीत आपण गप्प बसतो, कारण त्या कुणीतरी खणल्यात हेच आपल्या डोक्यात येत नाही.

म्युनिकच्या दाव्याचं मोल मला यासाठी वाटतं. फुकट काम करणारी माणसंही म्हणू शकतात की आमच्या कामाला अटी आहेत, आणि कायदा त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. पैसे मागितले नाहीत म्हणजे हक्क सोडला असं होत नाही.

पोस्ट आवडली तर जरूर शेअर करा. फक्त नावासकट करा, एवढंच!